झऱ्याकाठच्या झाडावरची चिंधी

कार्ल्सरूहेत मी ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या मूळच्या आयर्लंडच्या. तरुणपणी एका जर्मन माणसाशी लग्न करून आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. तिकडे आता ओळखीचं कोणी उरलं नाही, असं म्हणायच्या. म्हणून रविवारी त्या इथेच आयर्लंड शोधत फिरायच्या. फार पूर्वी आयर्लंडहून ख्रिस्ती साधू या भागात आले होते, काही नावेतून, बरेचसे पायी. त्यांच्या नावाची छोटी देवळं डोंगरात अजून आहेत, आणि बाईंना ती सगळी ठाऊक होती.

दुसऱ्या सेमेस्टरपासून त्या मलाही सोबत नेऊ लागल्या. आधी गाडी, मग बस, मग द्राक्षमळ्यांच्या कडेनं चढण. थर्मासमध्ये दूध घातलेला कडक चहा. इथली माणसं चहात दूध घालत नाहीत याचं दुःख आम्हा दोघींना सारखंच होतं, आणि बहुधा आमचं जमलं ते त्यावरूनच. देवळाच्या भिंतीतल्या एखाद्या झिजलेल्या दगडावर त्या तळवा टेकवून उभ्या राहायच्या. ‘‘माझ्या लोकांनी कोरलाय,’’ म्हणायच्या. मला कोरीवकामातलं काही कळत नसे. पण तळवा टेकवणं कळायचं.

मी इचलकरंजीची. वडील मागावर, आई घरी बसून साड्यांना फॉल लावायची. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि इथे येऊन शिकत होते तेही धाग्यांबद्दलच. कोणता धागा किती ताण सोसतो, किती वर्षं टिकतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली होती. एवढं शिकायला जर्मनीला कशाला जायला पायजे, म्हणाली.

त्या पावसाळ्यात आईला घशाचा कॅन्सर असल्याचं कळलं. मला ते दिवाळीनंतर कळलं, कारण माझी परीक्षा होती. मी वडिलांना म्हटलं, येते. ते म्हणाले, येऊन काय करणार आहेस, इथं आम्ही बघतोय, तू हातातलं सोडू नको. मग आईनं फोन घेतला. तिचा आवाज सुकलेल्या पानासारखा येत होता.

‘‘ये म्हटलं तर तू लगेच येशील,’’ ती म्हणाली, ‘‘म्हणून म्हणत न्हाई.’’

मी गेले नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की जायचं ठरवलं. आईनं तोवर राहायला हवं होतं. मला दुसरं काहीच नको होतं.

बाईंना मी सांगितलं ते स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता. पुढच्या रविवारी त्या मला एका झऱ्यावर घेऊन गेल्या. बाजूला पडकं देऊळ आणि वर वाकलेलं एक काटेरी झाड. जर्मनमध्ये वाइसडोर्न म्हणतात ते. बाईंच्या गावी असं एकटं झाड कोणी तोडत नाही, शेताच्या मधोमध असलं तरी शेतकरी नांगर वळवून नेतो. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या लोकांचं असतं. आणि झऱ्यावर असलं तर आजारी माणसाच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी पाण्यात बुडवून त्याला बांधतात. नवरा आजारी होता तेव्हा त्यांनी इथे त्याच्या सदऱ्याची पट्टी बांधली होती. त्यांनी ती फांदी दाखवली. तिथे काही नव्हतं.

‘‘मग बरे झाले का ते?’’ मी विचारलं.

‘‘दुखणं गेलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग तोही गेला.’’

त्या पुढे काही सांगू लागल्या होत्या. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच असतं, मला माहीत आहे. आणि मला खरंच वाटत होतं की माहीत आहे. आमच्याकडे नवस बोलून झाडाला बांधतात आणि नवस फिटला की जाऊन सोडतात. म्हणजे तोवर बांधलेलं टिकायला हवं.

आईचं माझ्याकडे दोन प्रकारचं कापड होतं. एक तिच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, चटणीच्या बरणीभोवती गुंडाळलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. दुसरी तिची निळी पॉलिस्टरची साडी, मी निघताना तिनं माझ्या बॅगेत टाकलेली. सुती तुकडा थंडीत टिकला नसता. मी साडीच्या पदराची पट्टी कापली, पुढच्या रविवारी एकटीच गेले आणि ती ओली करून बांधली. तुटलेला धागा जोडताना वडील मारतात ती गाठ मारली. फोनवर आईला सांगितलं. तिनं विचारलं, कंचं कापड बांधलंस?

‘‘निळ्या साडीचं.’’

‘‘बरं केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘ती विरत न्हाई.’’

थंडीत आईचं गिळणं बंद झालं. नळीनं दूध देतात, असं वडील सांगायचे आणि मग इथल्या बर्फाबद्दल विचारायचे. फेब्रुवारीत बाई माझ्यासोबत झऱ्यावर आल्या. झाडाला एक पान नव्हतं. काळ्या काट्यांमध्ये माझी पट्टी लांबूनच दिसली, दुकानातून कालच आणल्यासारखी निळी. मला बरं वाटलं, मी तसं म्हणालेही.

बाईंनी ती दोन बोटांत धरून चोळली. बराच वेळ चोळली. मग हळूच म्हणाल्या, ‘‘ही कुजायला हवी असते गं. ही जसजशी कुजते तसतसं दुखणं जातं.’’

मी धाग्यांचं आयुष्य मोजायला शिकत होते. हे कापड त्या फांदीवर माझ्यानंतरही राहील, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी गाठीला हात घातला. त्यांनी माझं मनगट पकडलं. बांधलेली चिंधी सोडायची नाही, जो सोडतो त्याला ते दुखणं लागतं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लागू दे. त्यांनी मनगट सोडलं नाही. आईनं मला इतक्या लांब कशासाठी पाठवलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, सुती काही असेल तर पुढच्या रविवारी शेजारी बांधू, तसल्या कापडाला कुजायला वेळ लागत नाही.

घरी आल्यावर मी लुगड्याचा तुकडा बरणीवरून काढला. त्याला मिरचीचा वास होता. धुवावा की नाही ते ठरेना. तो तसाच टेबलावर ठेवला.

गुरुवारी दुपारी वडिलांचा फोन आला. त्यांच्या मागे माणसं बोलत होती, आई गेली होती. दहनासाठी मी पोचेन तोवर थांबता येणार नव्हतं, आणि ते थांबले नाहीत. मी गेले तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. वडिलांनी मला परीक्षेचं विचारलं.

मे महिन्यात परत आल्यावर एकदा झऱ्यावर जाऊन आले. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं आणि त्याचा उग्र वास येत होता. बाईंच्या गावी ही फुलं घरात आणत नाहीत, त्यांना मरणाचा वास येतो म्हणतात. फुलांत पट्टी शोधावी लागली नाही. या वेळी अडवायला कोणी नव्हतं. मी गाठ सोडायला बसले, नखं दुखेपर्यंत बसले. ओली होऊन वाळलेली वडिलांची गाठ, ती सुटली नाही. कात्री मी आणली नव्हती. लुगड्याचा तुकडा खिशात होता, तो बांधायचं आता काही कारण नव्हतं, म्हणून तसाच परत आणला.