मोठ्या आकड्याची हाव

शाळा बंद पडली आणि गणिताच्या बाई घरी बसल्या. पण हातावर हात ठेवून बसणं त्यांना कुठलं जमायला! नणंदेच्या कंपनीत चाचणी देऊन नोकरी मिळते असं कळल्यावर त्यांनी पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. दुपारी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि त्याच्याशी भांडायचं.

त्या दिवशीचं कोडं दिसायला पोरखेळ. ओळीने पेट्या, प्रत्येकीत आकडा. जेवढा आकडा, फार तर तेवढ्या पेट्या पुढे उडी मारायची. कमीत कमी उड्यांत शेवट गाठायचा. आकडे होते तीन, चार, एक, तीन, एक, एक, शून्य.

बाईंनी दर वेळी टप्प्यातला सगळ्यात मोठा आकडा धरला, आधी चार. तीन उड्या झाल्या. पडद्यावर लाल शेरा आला, दोनच हव्यात.

चिडून त्यांनी सगळेच्या सगळे रस्ते तपासणारा प्रोग्राम लिहिला. लांबलचक ओळ आली तशी त्याने मान टाकली. वेळ संपली!

नवरा डोकावला. "चहा टाकू?"

"नको. आधी या डबड्याचा गळा दाबू द्या मला."

शेवटी नणंदेला फोन लावला.

"वहिनी, याला ग्रीडी पद्धत म्हणतात. हावरटासारखं दर वेळी समोरचं सगळ्यात चांगलं उचलायचं."

"तेच केलं! जन्मभर पोरांना हाव धरू नका म्हणून सांगितलं. आता धरली, तर तीही चुकीची?"

"हाव कशाची धरलीत, ते बघा ना."

बाईंनी फोन आपटला आणि पडद्यावर बोट ठेवलं. चार दुसऱ्या पेटीत, तिथून सहावीपर्यंतच जाता येतं. तीन मात्र चौथीत, तिथून थेट सातवी! आकडा नाही, पोच बघायची.

प्रोग्राममधली ओळ बदलली, हिरवं झालं. लगेच पुन्हा लाल. एकच पेटी असली तर उडी लागतच नाही, आणि हा शहाणा प्रोग्राम एक उडी सांगत होता. तेही निस्तरलं. आनंद कसला, नुसतं डोकं ठणकत होतं.

खऱ्या चाचणीत भलतंच कोडं आलं. बाई अर्ध्यावर अडकल्या. निवड झाली नाही.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला.

"जाऊ कसं दे? सुटलंय कुठे ते कोडं अजून!" असं म्हणत त्यांनी इस्त्रीचे कपडे खुर्चीवर ढकलले.