तोवर शेवंती

शेवंतीच्या काढ्याचा थर्मास उघडला की तो लगेच प्यायचा नाही. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे सताड उघडे ठेवायचा आणि चेहरा वाफेवर धरायचा. क्युबिकलमधली माणसं बघत राहायची. मग मला म्हणायचा, "आता पाय, स्क्रीन कशी साफ दिसून राहिली."

आम्ही जर्सी सिटीत एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि ऑफिसात शेजारी बसायचो. तो नागपूरचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, टेस्टर. माझ्या प्रोग्रॅममधली चूक सापडली की त्याला असा काही आनंद व्हायचा की माझी सटकायची. तरी डबा आम्ही एकत्रच खायचो.

दोन हजार दोनमध्ये त्याचे डोळे दुखायला लागले. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणायचा. डॉक्टरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "इंडियाला गेलो की दाखवतो."

तुम्ही तिथे राहिला असाल तर हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. दात, गुडघे, चष्म्याचे नंबर, सगळं आम्ही भारतातल्या सुट्टीसाठी राखून ठेवायचो. मी स्वतः दुखरी दाढ घेऊन दीड वर्ष एकाच बाजूने जेवलो आहे. पण त्याची सुट्टी येतच नव्हती. ग्रीन कार्ड अडकलेलं, व्हिसाचा शिक्का संपलेला; गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर, ही धास्ती. ऑफिसात दर महिन्याला कुणाची तरी खुर्ची रिकामी होत होती. इथे डॉक्टरकडे गेलो तर कागद तयार होतील, मॅनेजरला कळेल, अधू डोळ्यांचा टेस्टर कोण ठेवेल, असं त्याने डोक्यात घेतलं होतं.

शेवंतीचा रस्ता त्याला मी दाखवला. हे लपवण्यात अर्थ नाही.

चायनाटाउनमधल्या एका जुन्या औषधांच्या दुकानात मी त्याला घेऊन गेलो. म्हातारी मालकीण चिनीत बोलायची, तिची मुलगी इंग्रजीत सांगायची. म्हातारीने त्याची जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. पिवळी शेवंती सर्दीतापासाठी, पांढरी डोळ्यांसाठी, ती म्हणाली. यकृतातली उष्णता वर डोळ्यांत चढते, पांढरं फूल ती उतरवतं.

"हे तर आपलं पित्तच झालं यार," तो खूश होऊन म्हणाला.

वाळलेली फुलं आणि मनुकांएवढी लाल फळं पुड्यात बांधता बांधता म्हातारी आणखी काहीतरी बोलली. मुलीने सांगितलं, "आई म्हणते, हे थकलेल्या डोळ्यांसाठी आहे. डोळे आजारी असतील तर डॉक्टरला दाखवा."

बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "इंडियाला जाशील तेव्हा दाखव. तोवर हे घे." असं मीच म्हणालो.

वहिनींना ते फूल किटलीत बघवेना. "देवाला वाहायचं फूल उकळून काय पिऊन राहिले हो?"

"देवालाही डोळे आहेतच ना," तो म्हणायचा आणि भुरका मारायचा.

डोळ्यांची जळजळ खरंच कमी झाली. तीन वर्षं त्याने एक दिवस चुकवला नाही. त्याच काळात तो डाव्या बाजूला ठेवलेला कप पाडायला लागला, दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. आम्ही त्याला धांदरट म्हणून चिडवायचो. मी सगळ्यांत जास्त.

लायसन्स रिन्यू करायला गेला तेव्हा तिथल्या बाईने त्याला मशीनमध्ये बघून अक्षरं वाचायला सांगितली. डावीकडची अक्षरं त्याने वाचलीच नाहीत. तिथे अक्षरं आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचं कडेचं दिसणं संपलेलं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आला असतात तर कदाचित रोजच्या थेंबांवर निभावलं असतं.

त्या शनिवारी त्याने मला ओढतच त्या दुकानात नेलं. पांढऱ्या शेवंतीची सगळी बरणी मागितली. डॉक्टर काय म्हणाले ते मी मुलीला सांगितलं, तिने आईला. म्हातारीने बरणीचं झाकण लावलं आणि मान हलवली.

"आई विकणार नाही," मुलगी म्हणाली.

त्याने बरणीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "तू सांग ना तिला. मी दिवसातून सहादा पीन. डावा जाऊ दे, फक्त उजवा राहू दे म्हणावं." माणसं थांबून बघत होती. म्हातारीने त्याचं मनगट धरलं, पण नाडी बघितली नाही, नुसतं धरून ठेवलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

थेंब सुरू झाले. पण वर्षभरात उजव्याची नजरही इतकी अरुंद झाली की त्याला काम जमेना. नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसाही. इतकी वर्षं लांबलेलं नागपूर शेवटी आलं.

नेवार्क विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. गाडीत जमलं नाही, चेक-इनच्या रांगेत जमलं नाही. आत जायच्या दारापाशी मी त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिलो, हातभर अंतरावर, आणि तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने मान फिरवून इकडेतिकडे बघितलं आणि वहिनींना विचारलं, "गेला का गं तो?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला धीर झाला नाही. मी मानेनेच हो म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या, "गेले भाऊजी."