चाँदबीचाचींचा चमचा

आमच्या शिवाजी पेठेत चाँदबीचाचींच्या हातचा पांढरा रस्सा म्हणजे लग्नाची अर्धी इज्जत. चाचींची पद्धत ठरलेली. पातेलं उतरवण्याआधी एक चमचा रस्सा स्वतः घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मग मीठ, खसखस, जे कमी असेल ते टाकायचं.

दोन वर्षांपूर्वी तो चमचाच पोटात ठरेना. जुन्या मधुमेहानं जठराच्या नसा थकल्या होत्या. सकाळचा घास संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर. मग चव बघणार कोण? शेजारी मी. माझा घेर बघून कुणालाही वाटतं, या माणसाला खाण्यातलं कळतं. चाचींना तसं वाटलं. मलाही वाटलं, ते जास्त वाईट झालं.

कारण मी जन्मात कुठल्याच रश्श्याला नाव ठेवलेलं नाही. एका जावळाच्या जेवणात मीठ दोनदा पडलं. मी तीन वाट्या रिचवून 'फक्कड' असा शेरा दिला. पंगतीत लोक रस्सा कमी आणि पाणी जास्त प्यायले. चाचींनी त्या दिवसापासून ऑर्डरी घेणं बंद केलं. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तोंडाला राखणदारच न्हाय की. येईल ते आत."

अशात त्यांच्या सदफचं लग्न ठरलं. सदफ म्हणाली, बाहेरचा आचारी बोलवू. चाची भिंतीकडे तोंड करून बसल्या. पोरीच्या लग्नात परक्या हातचा रस्सा, हे त्यांना आजारापेक्षा जड जात होतं.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या पोटाच्या कातडीखाली खिशातल्या घड्याळाएवढी डबी बसवली. तिच्या दोन तारा जठराच्या भिंतीत. सोबतीला मी होतोच. मला वाटलं, आता पोट मिक्सरसारखं फिरणार. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही. विजेचे बारीक ठोके नसांना पोहोचतात, त्यानं मळमळ आणि उलट्या कमी होतात. जठर भराभर रिकामं होईलच असं नाही, सगळ्यांना गुण येतो असंही नाही. थोडं थोडं खायचं, साखर सांभाळायची. मी हळूच विचारलं, हेच यंत्र उलटं बसवलं तर माझं खाणं थांबेल का? डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे नीट पाहिलं आणि एवढी मोठी डबी मिळत नाही अशा चेहऱ्यानं पुढचा पेशंट बोलावला.

लग्नाच्या सकाळी रस्सा उकळला. कुणी विचारलं नसताना मी वाटी भरून घेतली आणि झकास झाल्याचं जाहीर केलं. चाचींनी लक्षही दिलं नाही. त्यांनी चमचा तोंडाला लावला, गिळला, पोटावर हात ठेवून डोळे मिटले. सदफ मेंदीच्या हातांनी बादली धरून शेजारी उभी. मी दुसरी वाटी घ्यायला विसरलो, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते ओळखावं.

बादली रिकामीच राहिली. चाचींनी डोळे उघडले.

"आळणी हाय," त्या म्हणाल्या. "मीठ आण गं."

पंगती उठल्यावर चाची जेवायला बसल्या. अर्धी वाटी रस्सा घोट घोट करत संपवला, उरलेली अर्धी माझ्याकडे सरकवली.

"प्या. पण कसा झालाय ते सांगू नगा."