जुना ग्रुप बंद करायला निघाले होते

मंडळी, आमच्या बिबवेवाडीच्या कथक क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाच सोडून सगळं येतं. सुप्रभातची फुलं, भाड्याचे फ्लॅट, कुणाची तरी हरवलेली मांजर. म्हणून मी हौसेने दुसऱ्या ॲपवर नवा ग्रुप काढला. ताल, व्हिडिओ, कार्यक्रम असे वेगळे कप्पेही केले. तिथे चर्चा शून्य. नव्या ग्रुपवर काय चाललंय, हेही लोक जुन्या ग्रुपवर विचारतात!

आज सकाळी वैतागून लिहिलं, "रविवारी हा ग्रुप बंद करतेय. नाचाबद्दल बोलायचं असेल त्यांनी तिकडे यावं."

दुपारी कुलकर्णी काकूंचा फोन. रोज फुलं पाठवणाऱ्या त्याच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा क्लास सुटलाय.

"अगं, नाच सुटलेल्यांनी तिकडे आलेलं चालेल का?"

"अहो काकू, काहीतरीच काय! या ना."

"येईन गं. पण माझी फुलं कुठल्या कप्प्यात टाकायची?"

"बघून सांगते," म्हटलं. फोन ठेवून जुने मेसेज चाळले. काकूंची फुलं रोज क्लास सुरू व्हायच्या वेळेलाच आलेली दिसली.

जुना ग्रुप राहू दे.

तुमच्या ग्रुपवर सुप्रभात कोण पाठवतं? आणि कधी, ते पाहिलंय?