मास्तरांनी परत पाठवलेलं पान

मास्तर कमांड कधीच कॉपी करत नसत. मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण ते दोन बोटांनी, एकेक अक्षर बघत टाइप करायचे, तेही कोऱ्या कॉम्प्युटरवर. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवून ते रिटायर झाले होते आणि बजाजनगरहून रोज आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत यायचे. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बांधून चालवतात, त्याला कंटेनर म्हणतात. तो कसा वापरायचा हे मी मॅन्युअलमध्ये लिहायचे, मास्तर तपासायचे.

सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. कमांडमधल्या दोन छोट्या रेघांच्या जागी एक लांब रेघ पडली, म्हणून त्यांनी माझं अख्खं पान परत पाठवलं. एवढं लोकांना कळतं, असं मी म्हणाले.

"ज्याला कळतं तो मॅन्युअल उघडत नाय," ते म्हणाले. "ज्याला कळत नाय, तो कमांड चालली नाय की सोताला ढ समजतो."

अजिंठ्याकडची सुनीता आमच्याकडे पहिल्याच नोकरीवर लागली होती. मॅन्युअल बघून तिनं कंटेनर बंद केला आणि टेस्टिंगचा आठवडाभराचा डेटा पुसला गेला. मॅनेजरनं सगळ्यांसमोर झापलं. माझंच चुकलं म्हणत ती बॅग आवरायला लागली. मास्तरांनी तीच कमांड टाइप करून पाहिली आणि हळूच माझ्या टेबलाशी आले. कमांडच्या शेवटी एक डॅश आणि व्ही जास्तीचा होता. त्यामुळे कंटेनरसोबत साठवलेला डेटाही जातो. ते पान माझं होतं, मास्तरांकडे न पाठवताच मी पुढे दिलेलं.

"मी सांगितलं तर चुगली व्हईल," ते म्हणाले. "तू सांगितलं तर दुरुस्ती."

मॅनेजरच्या केबिनपर्यंतची दहा पावलं मला फार लांब वाटली. मी सांगितलं, बोलणी खाल्ली. सुनीता राहिली. मास्तरांनी मला चहा पाजला, विषय मात्र काढला नाही.

गेल्या वर्षी एका उदाहरणातली राहून गेलेली स्पेस त्यांच्या नजरेतून सुटली. कुणाची तक्रार नव्हती, त्यांनाच दुसऱ्या दिवशी दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि राजीनामा दिला. मोठा स्क्रीन देतो, म्हणून मॅनेजरनं विनवलं.

"पोरं माझ्या भरवशावर टाइप करतेत," मास्तर म्हणाले. "मला नीट दिसत नसताना व्हय कसं म्हणू?"

ते पैठणला मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा एसटीत बसवून द्यायला मी गेले होते. आता आमची पानं कोण तपासणार, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीच्या कडेवर दोन बोटांनी टाइप केल्यासारखं केलं. गाडी सुटल्यावर मी ऑफिसला परतले आणि त्या दिवशी पाठवायचं पान थांबवून त्यातली पहिली कमांड कोऱ्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर बघत टाइप करायला घेतली.