माझी उभी कपाशी

“गाठ सोड,” मालगुजार म्हणाला.

मी पदराची गाठ मुठीत धरून उभी होते. डोईफोडियाच्या आमराईत शेतकी खात्याच्या साहेबाचा तंबू लागला होता. खुर्चीवर साहेब, शेजारी मालगुजार, खाली जाजमावर गावातली मोठी माणसं. जाजमाच्या बाहेर आम्ही. सगळं गाव बघत होतं. मी मूठ उघडेना, तेव्हा मालगुजाराने मुनीमजीला खूण केली. मुनीमजीने माझा पदर धरून ओढला. डोक्यावरून गेला, खांद्यावरून गेला. मी दोन्ही हात छातीवर घेतले. त्यात गाठ सुटली आणि सरकी मातीत सांडली.

“देखो साहेब,” मालगुजार म्हणाला, “माझ्या वावरातला माल हिच्या पदरात.”

“अजून झटका मुनीमजी, चरखीबी निघंन!” मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

माझा नवरा पुढे आला. मला वाटलं मला झाकायला आला. त्याने मालगुजारापुढे हात जोडले. “चुकली मालक. बाईमाणूस आहे.”

मालगुजाराने पितळेची परात मागवली आणि माझ्या पायाशी टाकली. “वेचणारीण आहेस ना वं? मग वेच.”

मी खाली बसले आणि वेचली. मातीतून एकेक सरकी उचलून परातीत टाकली. कोणी उठून गेलं नाही. सगळे शेवटपर्यंत बसले.

मी चोर नव्हते. मी अर्ज आणि नमुन्याची सरकी घेऊन गेले होते.

आमच्याकडे तेव्हा कपाशीला मर लागायची. हिरवंगार झाड दुपारी मान टाकायचं, आणि दोन-चार दिवसांत वाळून काडी व्हायचं. एका वर्षी आमचा सगळा तुकडा असा गेला. मधोमध एक झाड मात्र उभं राहिलं. त्याची बोंडं मी वेगळी वेचली. कापूस जिनात न देता घरी हातचरखीवर त्यातली सरकी वेगळी काढली. ती राखेत घालून मडक्यात ठेवली आणि पुढच्या वर्षी बांधाच्या कडेला लावली. जी झाडं मेली ती मेली. जी राहिली त्यांचंच बी धरलं. असं वर्षानुवर्षं केलं. नवरा हसायचा. सासू म्हणायची, “हिला लेकरू नाही म्हणून झाडं सांभाळते.” मी ऐकून घेतलं. शेवटी असं बी हाती आलं की शेजारचं वावर वाळलं तरी माझा तुकडा हिरवा. आम्ही बाया तिला उभी म्हणायचो. उभी कपाशी.

बियाण्यावर हक्क कोणाचा, असा कायदा तेव्हा नव्हता. पण शेतकी साहेबाकडे शिक्का होता. नवीन वाण त्याला पटला तर तो सरकारी शेतावर लावून बघायचा. खरा निघाला तर ज्याने काढला त्याचं नाव लागायचं, आणि त्याच्या नावाशिवाय ते बी जिल्ह्यात कोणी विकायचं नाही. मी चौथी शिकलेली होते. अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. हे बी मी काढलं आहे, माझं नाव लागावं, इतकंच लिहिलं.

साहेब नागपूरचा होता. गोरा नव्हता, आपलाच. त्याने अर्ज वाचला आणि तो मालगुजाराच्या हातात दिला, हे काय आहे म्हणून. मग मला म्हणाला, “बाई, वाणाला मालक लागतो. मालकाला जमीन लागते. तुझी जमीन आहे?”

जमीन मालगुजाराची. आम्ही त्याचं कूळ. मी म्हटलं, “जमीन त्यांची. निवड माझी.”

तेव्हा मालगुजाराने सीतादहीचं काढलं. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. चांगल्या झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, आणि त्या झाडाचा पहिला कापूस वेचणारणीने आपल्या ओटीत घ्यायचा. तो मालकाला दाखवायचा नसतो. मालगुजाराच्या वावरात आम्ही सगळ्याच वेचायला जायचो. तो म्हणाला, “साहेब, दरसाल सीतादहीला माझ्या उत्तम झाडाचा कापूस ही ओटीत घालून नेते. बी माझंच आहे. हिने फक्त चोरून ठेवलं.”

साहेबाने बायांना विचारलं, “हिला हे बी निवडताना कोणी पाहिलं आहे का?”

सगळ्यांनी पाहिलं होतं. शेजारची शेवंता माझ्याबरोबर चरखीला बसायची. एक हात तिचा, एक माझा. ती जमिनीकडे बघत राहिली. बाकीच्याही. त्यानंतर गाठ सुटली, ते मी आधी सांगितलं.

परातीत सरकी टाकताना माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. मी समजत होते की यांना ठाऊक नाही. सांगितलं, लिहून दिलं, की कळेल आणि नाव लागेल. तसं काही नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. साहेबालाही. न्याय मागायला गेले ती माझी शेवटची वेळ. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की या माणसाला मी सोडणार नाही.

माझा अर्ज तिथेच राहिला आणि साहेबाने मालगुजाराचा अर्ज तपासणीला घेतला. वाणाला त्याच्या बापाचं नाव दिलं. माझ्या तुकड्यातला उभा कापूस त्याची माणसं गाड्या भरून घेऊन गेली. घरातलं मडकंही नेलं. एक मडकं माहेरी, चांदनी गावाला, माझ्या आईकडे होतं. त्याबद्दल मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आई परसात दरवर्षी थोडं लावायची आणि बी ताजं ठेवायची.

मी वाट बघत राहिले. फार वाट बघावी लागली नाही.

मालगुजाराने तो कापूस बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागच्या जिनात पाठवला. वाफेवर सरकी काढणारं जिन, मोठा माणूस तिथेच जाणार. चरखी म्हणजे आमच्यासारख्या बायांचं काम. त्याच्या दारात चरखी फिरली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं? जिनात दहा गावांचा कापूस एकामागून एक पडतो आणि खाली सरकीचा एकच ढीग होतो. त्या ढिगातली पोती त्याने परत आणली, माझ्या मडक्यातली सरकीही त्यातच ओतली, त्यांवर बापाचं नाव घातलं आणि सरकारी शेतावर पाठवली. गाड्या निघाल्या तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गवत कापत होते. मला दिसत होतं काय होणार. मी तोंड उघडलं नाही.

सरकारी शेतावर अर्धी कपाशी मेली. साहेबाने एक साल जाऊ दिलं. दुसऱ्या सालीही तेच. मग त्याने कळवलं की पेरणीच्या आत शुद्ध बी आणून द्या, नाहीतर अर्ज रद्द. इकडे मालगुजाराचे बुऱ्हाणपुरात पेढे वाटून झाले होते. त्याला सरकारकडून पदवी घेऊन रावसाहेब व्हायचं होतं. वाण बुडाला की तेही बुडणार होतं.

आधी मुनीमजी आला. “माय, थोडंफार बी असंन ना वं तुझ्याजवळ?” माझा पदर ओढणारा मला माय म्हणाला. मी म्हटलं, “मालकाले पाठव.”

मधल्या दिवसांत मी चांदनीला जाऊन मडकं घेऊन आले. आईने विचारलं, “देणार आहेस का?” मी म्हटलं, “बघ तू.”

मालगुजार बैलांच्या दमणीतून आला. त्याच्या ओट्यावर आम्हाला चढता येत नव्हतं. माझ्या ओट्यावर तो न विचारता बसला. अंगणात निम्मं गाव जमलं. मी मडकं आणून समोर ठेवलं, राख झटकून मूठभर सरकी दाखवली. त्याच्या तोंडावर रंग आला.

“शहाणी आहेस,” तो म्हणाला. “अर्जात तुझ्या नवऱ्याचं नाव लावतो. माझ्या खाली. बस?”

“आणि माझं?”

“तुझं नाव कायले पाह्यजे वं? बाईच्या नावानं कुठं बी इकतात?”

मी मडकं उचललं. म्हैस दारातच बांधली होती. तिच्या आंबोणाच्या टोपल्यात मडकं उपडं केलं आणि हाताने ढवळलं. सरकी हे म्हशीचं रोजचंच खाणं. तिने तोंड घातलं.

“अगं ए! पागल झाली काय!” मालगुजार उठला. “मुनीम, काढ ते! काढ!”

मुनीमजीने टोपल्यात दोन्ही हात घातले. म्हशीने शिंग मारलं. तो शेणात बसला. या वेळी लोक हसले ते त्याला. मालगुजार माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. म्हैस खात होती.

“अजून आहे,” तो म्हणाला. “तू ठेवलं असशीलच.”

“नाही. संपलं.”

ते खरं होतं. आईच्या परसातलंही एक बोंड मी ठेवलं नव्हतं.

त्याचा अर्ज रद्द झाला. तो रावसाहेब झाला नाही. वाणाबरोबर त्याच्या बापाचं नावही गेलं. लोक त्याला बघून म्हशीसारखे हंबरायचे, असं मी पुढे ऐकलं. ऐकून मला बरं वाटलं. अजून वाटतं.

त्या संध्याकाळी शेवंता आली. रडत होती. “त्याले नको द्यायचं होतं. पण आम्हाले? आमची वावरं मरतात वं दरसाल. मूठभर आम्हाले द्यायची होती.”

“तू त्या दिवशी खाली कायले पाहत होतीस?” मी विचारलं.

“घाबरली होती मी.”

“मग आता मर लागू दे.”

ती परत कधी आली नाही. पुढे तिचं वावर गेलं. इतरांचीही गेली. लोक मला म्हणतात, तुला वाईट वाटत नाही का, एवढं चांगलं बी होतं, किती घरं जगली असती. जगली असती. पण माझा पदर ओढला तेव्हा त्या घरांतली माणसं तिथेच बसली होती, आणि हसत होती. मी त्यांचं काही देणं लागत नाही.

आमचं कूळ त्याच वर्षी काढलं. नवरा मला शिव्या देत लालबागला आला आणि शिव्या देतच वारला. मी जिनात कामाला लागले. पुढेही अधूनमधून माणसं आली, एक तर नवीन साहेब आला. बाई, तुमचा हात चांगला आहे, पुन्हा निवड करा, नाव आपण बघू. मी प्रत्येकाला एकच सांगितलं. आधी माझं नाव शिक्क्यावर दाखवा, मग मी वावरात पाय ठेवीन. कोणी दाखवलं नाही. मी पाय ठेवला नाही. मरेपर्यंत ठेवणार नाही.

हे ऐकीव नाही. पदर माझा ओढला गेला, मातीतली सरकी मी वेचली, आणि म्हशीला बी मी घातलं. मी चौथी शिकलेली, एके काळी कापूस वेचणारी बाई आहे.