हिरूचा अंदाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुढच्या शाळांत सोबत असलेल्या मास्तरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — पण सांगतो.

स्वातंत्र्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या मिठागरांच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. दोन खोल्या, चार इयत्ता, मी एकटा. एक दिवस सरकारी मोटार आली; पडदा आला, यंत्र आलं. खिडक्यांना गोणपाटं लावून लहान मुलांना एक फिल्म दाखवली — अंदाज कसा करावा याची. काचेच्या बरणीत गोट्या. एक मूठ काढून मोजायची, मग बरणीत अशा किती मुठी असतील ते नुसतं बघून ठरवायचं. मध्येच चित्र थांबायचं, मुलांनी आकडा सांगायचा, आणि मग पडद्यावर उत्तर यायचं — चौऱ्याऐंशी.

मोटारीबरोबर आलेले साहेब जाताना म्हणाले, पंधरा दिवसांनी हीच फिल्म घेऊन पुन्हा येतो, मुलं काय शिकली ते बघतो.

त्या पंधरा दिवसांत मी काय कमी डोकं फोडलं? चिंचोके मांडले, शिंपले मांडले. मुलं आपली एकेक करून मोजायची. मोजू नका म्हटलं की गप्प. मग कुणी म्हणायचं पाच, कुणी हजार. मी ओरडायचो, ती आणखी घाबरायची. आकडा चुकला तरी चालतो, जवळपास आला की झालं — एवढी साधी गोष्ट मला समजावता येईना. फिल्मचा राग, साहेबांचा राग, सगळा त्या चिमुरड्यांवर निघायचा.

आणि त्यात हिरू. मिठागरात राबणाऱ्या धर्माची मुलगी, आठ वर्षांची. बापाबरोबर मिठाच्या राशी बघून किती टोपल्या भरतील ते सांगायची तिला सवय. चिंचोक्यांकडे एकदा बघायची आणि म्हणायची, साठाच्या वर, सत्तरीच्या आत. मोजले की तसेच निघायचे. मास्तर म्हणून मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग यायचा. मी न शिकवता तिला येत होतं, आणि मी शिकवून बाकीच्यांना येत नव्हतं.

शेवटी मी मुलांकडून पाठच करून घेतलं. चित्र थांबलं की थोडा विचार केल्यासारखं करायचं, मग म्हणायचं — चौऱ्याऐंशी.

"मंग गुरुजी, त्यो अंदाज कसला?" हिरूनं विचारलं. मी तिला खाली बसवलं.

साहेब आले. चित्र थांबलं, वर्ग एका सुरात ओरडला — चौऱ्याऐंशी. साहेब हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून वालाच्या दाण्यांनी भरलेला डबा काढला, मुलांसमोर ओतला. यात किती? पुन्हा तोच सूर — चौऱ्याऐंशी. एकटी हिरू म्हणाली, दोनशेच्या आसपास. मोजले, एकशे शहाण्णव. साहेबांनी तिचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, वहीत लिहिलं. हिला अलिबागच्या शाळेत पाठवायला हवं, म्हणाले. मग माझ्याकडे वळले — बाकीच्यांना तो आकडा कुणी पढवला?

इथं मला थांबावंसं वाटतं. मनात आठवतानाही नेहमी इथंच थांबतो मी.

मी म्हणालो, "या मुलीनं." मागच्या वेळी तिनं आकडा ध्यानात ठेवला आणि सगळ्यांना सांगितला, म्हणालो. आणि डब्यातले दाणे? तुमची पिशवी सकाळपासून बाहेरच होती, हिनं आधीच मोजून ठेवले असतील, म्हणालो. साहेबांनी वहीतलं नाव खोडलं. सगळ्या वर्गाला खरं माहीत होतं. मुलं माना खाली घालून वालाचे दाणे डब्यात भरू लागली. हिरू रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

पण एवढंच असतं तर कदाचित मी हे विसरलोही असतो. दुसऱ्या दिवशी धर्मा आला. मिठागरातून तसाच, गुडघ्यापर्यंत मीठ सुकलेलं. दाराबाहेरच उभा राहिला.

"गुरुजी, पोर म्हनतं तिनं काय केलं न्हाय. तुमी सांगाल ते मी खरं मानीन."

साहेब गेलेले. नोकरीला धोका नाही. ऐकणारं तिसरं कुणी नाही. एक शब्द बोलायचा होता.

"तिनंच केलं," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. मग हात जोडून त्यानं माझी माफी मागितली — लेकीच्या वतीनं. मी ती घेतली.

हिरू पुन्हा शाळेत आली नाही. महिनाअखेरीला मी हजेरीपटातून तिचं नाव कमी केलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं — शिक्षणाची आवड नाही.